स्वतःशी स्पर्धा करायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

‘दुसऱ्याकडे बघू नकोस, तू तुझं बघ’ हा सल्ला पुण्यात आजीपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळे देतात, आणि तो फार थोड्यांना पाळता येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरचा मुलगा रात्री अकरा वाजले तरी हलला नाही, की आपला दिवसाचा अभ्यास पुरा झालेला असूनही उठायला मन धजत नाही. हिंजवडीत अप्रेझलची पत्रं आली की दोन दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. यात कुणाचा स्वभाव वाईट आहे असं नाही. सल्लाच अर्धवट आहे. दुसऱ्याकडे बघायचं नाही, ठीक. पण ‘तुझं बघ’ म्हणजे नक्की काय बघायचं, किती दिवसांनी बघायचं आणि बघितल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ते उरलेलं अर्धं इथे सांगायचं आहे.

माणूस तुलना का करतो

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याची सुरुवातीची तीन विधानं अगदी साधी आहेत. आपली मतं आणि क्षमता कितपत बरोबर आहेत हे तपासायची माणसाला ओढ असते. तपासायला वस्तुनिष्ठ साधन हाताशी नसलं, की तो स्वतःला इतरांशी ताडून बघतो. आणि ताडण्यासाठी तो आपल्या जवळपासचाच माणूस निवडतो.

तिसरं विधान आपल्या रोजच्या अनुभवातलं आहे. उस्ताद झाकीर हुसेन यांचं वादन ऐकून तबल्याच्या विद्यार्थ्याला मत्सर वाटत नाही; त्याच गुरूंकडे त्याच वर्षी आलेल्या मुलाची तिहाई समेवर चोख पडली की मात्र पोटात गोळा येतो. पण आपल्या कामाचं आहे ते दुसरं विधान. माझं वजन किती आहे हे बघायला काटा आहे, म्हणून ते शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. ‘माझं गणित सुधारतंय का’, ‘मी चांगला प्रोग्रामर आहे का’, ‘माझा आवाज तयार होतोय का’ या प्रश्नांना घरात काटा नसतो. तो नसतो म्हणून नजर शेजारच्या टेबलाकडे जाते.

याचा अर्थ असा, की तुलना मनोनिग्रहाने थांबवायच्या भानगडीत पडू नये. मोजमापाचं दुसरं साधन तयार केलं की तिची गरज कमी होते. ती पूर्ण जात नाही, जायची गरजही नाही. पण रोजचे निर्णय तिच्या हातून निघून जातात, आणि तेवढं पुरेसं आहे.

क्रमांकात कोणती माहिती नसते

पर्सेंटाइलचं गणित एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. एमएचटी सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि आता क्लासेसही सराव परीक्षेचा निकाल तसाच लावतात. सूत्र असं: तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, त्याला एकूण परीक्षार्थींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा क्लासच्या परीक्षेला १,००० मुलं बसली आणि ८२० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण पडले. तुमचा पर्सेंटाइल ८२. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाखेतली ४० हुशार मुलं या परीक्षेत आली, ती सगळी तुमच्या वर गेली. तुम्ही मात्र मेहनत केलीत, चार गुण वाढवलेत आणि जुन्या मुलांपैकी दहा जणांना मागे टाकलंत. आता ८३० भागिले १,०४०, म्हणजे ७९.८. तुम्ही पुढे गेलात आणि आकडा दोन अंकांनी खाली आला. घरी हा आकडा पाहून कुणी तरी म्हणणार, ‘घसरलास.’

उलटंही होतं. वरची मुलं गैरहजर राहिली, की काही न करता आकडा चढतो. क्रमांक हा ‘तुम्ही’ आणि ‘बाकीचे’ या दोन गोष्टींचा मिळून बनलेला असतो आणि त्यातला तुमचा भाग वेगळा काढून दाखवत नाही. दुसरी उणीव याहून मोठी आहे: उद्या सकाळी काय करायचं, याबद्दल क्रमांक एक अक्षर सांगत नाही.

तालुक्याच्या गावी शाळेत पहिला येणारा मुलगा पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात आला की पहिल्या सहामाहीत खचतो, ते यामुळेच. हर्बर्ट मार्श या संशोधकाने १९८७ मध्ये यावर लिहिलं: सारखीच कुवत असलेली दोन मुलं, एक साधारण शाळेत आणि एक निवडक हुशार मुलांच्या शाळेत, तर दुसऱ्याला स्वतःबद्दल कमी खात्री वाटते. कुवत तीच, आजूबाजूचे बदलले. इंदापूरहून किंवा बार्शीहून आलेल्या मुलाचं गणित एसटीत बसून स्वारगेटला उतरेपर्यंत कच्चं झालेलं नसतं. त्याच्या खिशात फक्त जुन्या वर्गाचा क्रमांक होता, आणि तो इथे चालत नाही.

वर पोचल्यावरही सुटका नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांची दृश्यं लोकांना दाखवून त्यांच्या चेहऱ्यावर किती आनंद दिसतो हे विचारलं गेलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कांस्यपदकविजेते रौप्यवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सुवर्ण असतं आणि कांस्यवाल्याच्या डोळ्यांसमोर जेमतेम टळलेला चौथा क्रमांक. समाधान कामगिरीवरून कमी आणि आपण कोणाकडे बघतो यावरून जास्त ठरलं.

नेमबाजी हा यातला बोलका खेळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला आणि तेव्हा मध्य रेल्वेत पुण्याला नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. पात्रता फेरीत त्याचे गुण ५९० होते, म्हणजे ६० गोळ्यांत ६०० पैकी. त्या गुणांवर तो सातवा होता. अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुण मिळवले. सातवा आणि तिसरा हे शब्द बाकीच्यांनी काय केलं त्यावर ठरले. ५९० हा आकडा सर्वस्वी त्याचा. शेजारच्या लेनमधल्या माणसाने काहीही केलं तरी तुमच्या टार्गेटवर त्याचा ओरखडासुद्धा उठत नाही. आपल्या कामात हा ‘५९०’ कोणता, तो शोधणं म्हणजे काटा बनवणं.

काटा कसा बनवायचा

इथे घाई केली की सगळं फसतं, म्हणून हा भाग सावकाश घेऊ.

पहिली गोष्ट, मोजायचं काम लहान आणि ठरावीक हवं. ‘फिटनेस’ मोजता येत नाही. आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगडाच्या पुणे दरवाजापर्यंत जायला लागणारा वेळ मोजता येतो. काम ठरलं की अटी ठरवायच्या: सकाळी सहालाच निघायचं, पाठीवर तीच पिशवी, एकच पाण्याची बाटली, आणि वाटेत लिंबू सरबताला थांबलात तरी घड्याळ चालू ठेवायचं. घड्याळ एखाद्या दिवशी थांबवलं आणि एखाद्या दिवशी नाही, तर ती नोंद कुचकामी. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि मे महिन्यात उन्हाने हृदयाचे ठोके लवकर वाढतात. त्या दोन्ही मोसमांना वहीत वेगळं पान ठेवायचं. जुलैतला वेळ डिसेंबरच्या वेळेशी ताडला तर तुम्ही मोसम मोजताय.

दुसरी गोष्ट, सुरुवातीची पातळी एका आकड्यावरून ठरत नाही. निदान पाच नोंदी घ्या. समजा मिनिटं अशी आली: ६८, ६४, ७१, ६६, ६५. चढत्या क्रमाने लावा: ६४, ६५, ६६, ६८, ७१. मधला आकडा ६६. ही तुमची आजची पातळी. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखाद्या दिवशी पाय मुरगळला किंवा रात्री झोप झाली नाही तर एकच वेडावाकडा आकडा सरासरी ओढून नेतो, मधल्याला हलवत नाही. शिवाय सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत सात मिनिटांचं अंतर आहे. एवढी चढउतार तुमच्यात काहीही न बदलता होते. म्हणून सहाव्या वेळी ६५ आले तर ती सुधारणा धरायची नाही, आणि ७० आले तर घसरण नाही. पुढच्या पाच नोंदी होऊ द्या. त्या ६३, ६६, ६१, ६४, ६२ आल्या, तर मधला आकडा ६३. आता म्हणता येईल: तीन मिनिटं कमी झाली.

ही पाच-पाचची शिस्त का, ते समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच वही सोडतात. एखादा दिवस अफाट चांगला जातो. त्यात तुमची तयारी असते आणि थोडा योगायोगही: हवा छान, झोप चांगली, पोट हलकं. योगायोग पुढच्या वेळी तसाच जुळेल असं नाही, म्हणून फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा साधा जातो आणि फार वाईट दिवसानंतरचा बहुधा बरा. आकडेशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. हे माहीत नसलं की माणूस उत्तम दिवसाला स्वतःची खरी पातळी समजतो आणि पुढचे चार दिवस स्वतःला कोसत बसतो. शिक्षकांचंही तेच होतं. वाईट पेपरनंतर मुलाला झापलं, पुढचा पेपर बरा गेला. सरांना वाटतं झापल्याने फरक पडला.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्याच्या आत शिरणं, आणि आमच्या मते सगळा फायदा इथेच आहे. सीईटीच्या गणिताचंच घ्या. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो. समजा सराव पेपरात २९ बरोबर आले, ५८ गुण. बहुतेक जण इथे वही बंद करतात. खरं काम उरलेल्या २१ प्रश्नांत आहे. प्रत्येकासमोर एक अक्षर लिहा: ‘प’ म्हणजे पद्धतच माहीत नव्हती, ‘ह’ म्हणजे पद्धत माहीत होती पण हिशेबात चूक, ‘व’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘वे’ म्हणजे वेळ संपली आणि ठोकून दिलं. समजा मोजल्यावर प ६, ह ८, व २, वे ५ असे निघाले. आता चित्र बदललं. या मुलाने आणखी एक जाड पुस्तक आणून नवे प्रकरण वाचायला घेतलं तर त्याची मेहनत सहा प्रश्नांच्या मागे जाईल. आठ प्रश्न, म्हणजे १६ गुण, येत असूनही गेलेत.

त्या आठांत अजून खाली उतरा. पाच ठिकाणी संकलनात वजाबाकीचं चिन्ह हरवलं आणि पाचही वेळा दोन पायऱ्या मनात करून तिसरी कागदावर लिहिली होती, असं दिसलं, तर उपाय हातात आला: रोज पंधरा मिनिटं, सहा उदाहरणं, एकही पायरी न गाळता. वेग सुरुवातीला कमी होईल, होऊ द्या. तीन आठवडे आणि तीन पेपर झाल्यावर ‘ह’ किती उरले ते बघा. आठाचे चार झाले असतील तर आठ गुण वाढले, आणि ते कशामुळे वाढले हे तुम्हाला माहीत आहे. वर्गात कितवा नंबर आला यातून ही माहिती काढायचा कोणताही मार्ग नाही.

गाण्यात हेच काम कानाने करावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तीच बंदिश, तीच पट्टी, तीच लय, फोन समोर दोन हातांच्या अंतरावर, पाच मिनिटं. ध्वनिमुद्रण लगेच ऐकू नये. गाऊन उठल्या उठल्या आपल्याला काय गायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि कान तेच ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका आणि तीनच गोष्टी मोजा: षड्ज तंबोऱ्यात किती वेळा मिसळला नाही, समेवर येताना किती वेळा घाई झाली, शब्दाच्या मधोमध श्वास किती वेळा तुटला. ताना वाढवताना नियम आणखी कडक हवा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत पलटा लागोपाठ तीनदा स्वच्छ आला तरच ८४. चौऱ्यांशीला दोनदा तुटला तर परत ८०. ‘साधारण आलं’ याला स्वच्छ म्हणायचं नाही. एकदा लय वाढवून अस्वच्छ तान बसली की ती सोडवायला बसवण्याहून जास्त दिवस जातात.

नोकरीतल्या माणसासाठी आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटलेला काटा म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं गुणोत्तर. काम हातात घेताना किती तास लागतील ते लिहायचं, संपल्यावर किती लागले ते लिहायचं. सहा तास म्हटले आणि अकरा लागले, तर १.८. दहा कामांचा मधला आकडा काढा. तो १.८ वरून तीन महिन्यांत १.३ वर आला, तर तुमची कामाची समज वाढली, मग अप्रेझलमध्ये काहीही येवो. दहा जणांच्या टीममध्ये वरची श्रेणी दोघांनाच द्यायची असं वरून ठरलेलं असेल, तर ती श्रेणी मिळणं तुमच्या हातात नव्हतंच.

ध्येयाचा क्रम

ध्येय तीन पातळ्यांवर असतं. निकालाचं: पहिल्या शंभरात यायचं. कामगिरीचं: गणितात ७० गुण. कृतीचं: प्रत्येक पायरी कागदावर. शिकण्याच्या काळात खालून वर जावं. बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया किट्सांटास यांनी १९९७ मध्ये शाळकरी मुलींना डार्ट फेकायला शिकवून हे तपासलं. ज्या मुलींनी आधी फेकण्याच्या पद्धतीवर लक्ष ठेवलं आणि ती हातात बसल्यावर गुणांकडे लक्ष वळवलं, त्या सगळ्यांत पुढे गेल्या. पहिल्यापासून गुणांकडे बघणाऱ्या मागे राहिल्या. ‘नंबराचा विचारच करू नकोस’ असं हा अभ्यास म्हणत नाही. तो विचार कधी करायचा, ते सांगतो.

एक धोका, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही

स्वतःशीच तुलना करणारा माणूस सुस्तावू शकतो. कालच्यापेक्षा आज बरा, हे खरं असतं. पण कालचा अगदीच कच्चा असेल तर? त्यासाठी काट्यावर बाहेरून एक खूण लागते, आणि ती दर्जाची हवी.

पुण्याला हा फरक शिकवणारं उदाहरण घरातलंच आहे. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. करंडकाच्या तोडीची एकांकिका झाली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. वाद झाला, दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. पण त्या निर्णयामागची भूमिका स्पष्ट होती: सगळ्यांत पुढे असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर कुणी तरी पहिला असणारच. दर्जाची रेघ त्याने ओलांडली का, हा स्वतंत्र प्रश्न. ही रेघ घरीही आखता येते. गाण्यात ती गुरू आखतात. परीक्षेत ती मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अधिकृत उत्तरसूची आखते. कामात ती दोन वर्षांनी पुढे असलेला सहकारी आखू शकतो, त्याने तुमचं काम वाचून तीन ठिकाणी खूण केली तर. वहीच्या पहिल्या पानावर ही रेघ एका वाक्यात लिहून ठेवा आणि सहा महिने बदलू नका. रेघ वरचेवर खाली सरकवायची सवय लागली की वही भरत जाते आणि माणूस तिथेच राहतो.

काय बिघडतं

एकदम सात गोष्टी मोजायला घेणं हा सगळ्यात सामान्य घोळ. दोन आठवड्यांत वही भरायचा कंटाळा येतो. एका वेळी एक काटा, फार तर दोन.

दुसरा घोळ असा, की मोजमाप हेच काम होऊन बसतं. तास मोजले की तास वाढतात. अभ्यासिकेत ‘चौदा तास बसलो’ असं अभिमानाने सांगितलं जातं, पण बसलेले तास आणि लक्ष देऊन केलेले तास यांत फार अंतर आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांतले सर्वोत्तम विद्यार्थी एकट्याने केलेला रियाज आठवड्याला साधारण २४ तास करत होते, म्हणजे दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास; आणि ते सगळ्यांत मागच्या गटापेक्षा जास्त झोपत होते, दुपारची झोप धरून. पुढे याच अभ्यासातून ‘दहा हजार तास’ हा लोकप्रिय आकडा निघाला, तो एरिक्सन यांना स्वतःला मान्य नव्हता. चूक शोधणं आणि दुरुस्त करणं ज्या तासांत घडतं, तेच तास वहीत लिहावेत. ते चारच्या वर जात असतील तर बहुधा नोंदीत काही तरी गडबड आहे.

तिसरा घोळ वयाचा आणि शरीराचा. आजारपणानंतर, बाळंतपणानंतर, गुडघ्याच्या दुखण्यानंतर माणूस स्वतःच्या जुन्या सर्वोत्तम आकड्याशी तुलना करतो. हीसुद्धा दुसऱ्याशीच केलेली तुलना आहे, कारण तो जुना माणूस आता इथे नाही. नवं पान उघडायचं, नव्या पाच नोंदी घ्यायच्या, तिथून मोजायचं. जुनं पान फाडू नये, पण रोज उघडूही नये.

चौथं, अभिप्राय ऐकण्याची पद्धत. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला, तरी एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्रायाने लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की त्याचा परिणाम कमी होतो. कुणाचंही मत ऐकताना एक प्रश्न विचारायचा: ‘नेमकं कोणत्या ठिकाणी?’ उत्तरात ओळ, मिनिट किंवा पायरी आली तर लिहून घ्या. नाही आली तर नम्रपणे ऐकून सोडून द्या.

तुलना जिथे करायलाच हवी

पगाराच्या बाबतीत संकोच करू नये. आपल्या अनुभवाला बाजारात काय मिळतं हे समवयस्कांना विचारल्याशिवाय कळत नाही आणि ते न विचारल्याने नुकसान फक्त तुमचंच होतं. घरभाडं, क्लासची फी, डॉक्टरांचा दुसरा सल्ला, सगळीकडे हेच. प्रवेशाच्या वेळी मागच्या वर्षीचे कटऑफ बघावेच लागतात. पण ते दोनदा बघायचे असतात, एकदा वर्षाच्या सुरुवातीला दिशा ठरवताना आणि एकदा कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीचा पसंतीक्रम भरताना. मधल्या दहा महिन्यांत त्या आकड्यांनी काही हाती लागत नाही. एमपीएससीसारख्या परीक्षेत जागाच मोजक्या असतात, तिथे शेवटी क्रमांकच ठरवतो आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तिथे वर्ष किती द्यायची, दुसरा पर्याय कधी उघडायचा, हे ठरवताना क्रमांकाकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. रोज सकाळी कोणतं प्रकरण घ्यायचं, हे मात्र वहीच सांगू शकते.

पुढे असलेल्या माणसाकडून शिकायचं असेल तर ‘तुला किती पडले?’ ऐवजी ‘हा प्रश्न तू कुठून सुरू केलास?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने तुमचं मन बदलतं, दुसऱ्याच्या उत्तराने पद्धत.

घरच्यांसाठी

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी टिप्पणी, काहींना दोन्ही. सुधारणा आणि कामातली गोडी टिप्पणीवाल्या मुलांत दिसली. गुण आणि टिप्पणी दोन्ही मिळालेल्या मुलांना टिप्पणीचा फायदा झाला नाही. गुण दिसले की मुलं पुढचं वाचत नाहीत.

घरात यावरून करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. पेपर हातात आला की पहिल्या पानावरचा आकडा झाकून उत्तरांपासून सुरुवात करा. मुलाबरोबर बसून मागच्या पेपरातली कुठली चूक या वेळी झाली नाही, ती शोधा आणि नाव घेऊन सांगा: ‘या वेळी एककं एकदाही राहिली नाहीत.’ मग या वेळची नवी चूक एकच निवडा. वीस मिनिटांत हे उरकतं. आकडा सगळ्यात शेवटी बघा, लपवू नका. लपवला की त्याचं भय वाढतं. आणि जिन्यात शेजारच्या काकूंनी ‘किती पडले?’ विचारलं, तर मुलाच्या देखत आकडा सरळ सांगा, त्यांच्या मुलाचा आकडा विचारू नका, आणि पुढे चला. ‘अजून मेहनत करायला हवी त्याने’ हे नम्रतेपोटी जोडलेलं वाक्य मुलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.